तिच्या तोंडी मी घातलेली दोन वाक्यं

तालुक्याच्या पानावर जी प्रतिक्रिया छापून येते, ती बहुतेक वेळा कुणी दिलेली नसते. वार्ताहरच ती लिहितो. सरपंचाला फोन लावावा तर तो लग्नात असतो, सभापती मीटिंगमध्ये असतात, आणि बातमी संध्याकाळच्या आत पाठवायची असते. मग आपणच लिहायचं, गावाच्या विकासासाठी कटिबद्ध असल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सरपंचाचा फोन येतो, "भाऊ, लई झ्याक बोललो मी." जुन्नरला इतकी वर्षं वार्ताहरकी केली, पण हे मी कधी बोललो, असं मला एकाही पुढाऱ्याने विचारलं नाही. एक जण तर माझी वाक्यं पाठ करून भाषणात वापरायचा, आणि मी पहिल्या रांगेत बसून ती पुन्हा टिपून घ्यायचो.

ह्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. शिंपी माप घेतो तसं मी माणसाचं माप घ्यायचो आणि त्याला शोभेल असं वाक्य बेतायचो. चांगलं बसलं की बरं वाटायचं. पण ही रीत जिला माहीतच नव्हती अशा एका बाईच्या तोंडी मी दोन वाक्यं घातली. ती कुणी घातली हे, त्यात सामील असलेला एक जण सोडला तर, मी बरेच महिने कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आपटाळ्याच्या पुढे चढ लागला की भाताची खाचरं लहान होत जातात आणि हिरड्याची झाडं सुरू होतात. तिथे डोंगराच्या दोन्ही अंगांना वाड्या आहेत. अलीकडच्या जुन्नरात मोडतात, पलीकडच्या आंबेगावात. माणसं एकच, सोयरिकी एकमेकांत, बाजारही कधी इकडचा, कधी तिकडचा. या सगळ्या वाड्यांसाठी मिळून एक नळयोजना झाली. विहीर पलीकडे, टाकी माथ्यावर, नळ दोन्ही बाजूंना. काम मिळालं आंबेगावातल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याला. पुढारी तसे फार मोठे नव्हेत, स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसणारे, पण त्यांच्या टापूत त्यांना विचारल्याशिवाय कुणी नारळ फोडत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला, बिलं निघाली. आणि अलीकडच्या वाडीतली एक बाई ग्रामसभेत उभी राहून म्हणाली की नळाला पाणी आलेलंच नाही. तिथे कुणी ऐकलं नाही म्हणून ती तालुक्याला आली, आणि तालुक्यानं टोलवलं तेव्हा तिने जिल्ह्याला अर्ज केला.

मी बातमीसाठी वाडीवर गेलो. बाई माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. "या पावणं," म्हणून तिने मला नळाच्या कट्ट्याशी नेलं. मी वही काढली, तर तिने पहार काढली. तोटीच्या बुडाशी चार घाव घातले, हाताने माती उकरली आणि तोटीसकट पाइप ओढून काढला. हातभर लांब होता. त्याच्या खाली नुसती माती. तो तुकडा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "पाइप हितंच थांबला बघा. बिल तेवढं पुण्यापतूर गेलं."

मी तिला बरंच खोदून विचारलं. पुढाऱ्याबद्दल काय वाटतं, कुणाचा दबाव आला का, पुढे लढणार का. पुढाऱ्याला ती ओळखत नव्हती. दबाव म्हणजे काय विचारता, असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. पाणी कधी सुटेल एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. परत येताना मोटारसायकलवर माझ्या मनात एकच काळजी होती, की बाई बातमीत शोभेल असं काहीच बोलली नाही.

बातमी मी जुन्नरच्या पानाला साजेशी केली. धरणाचं पाणी आधी कुणाला यावरून आमच्या दोन तालुक्यांत जुनी धुसफूस आहे. आंबेगावचा पुढारी सापडला म्हटल्यावर जुन्नरचा वाचक चहा थंड होऊ देऊन वाचणार, हे मला ठाऊक होतं. मथळा दिला, 'जुन्नरच्या वाड्यांच्या पाण्यावर शेजारच्या पुढाऱ्याचा डल्ला'. आणि बाईच्या तोंडी घातलं, "आंबेगावच्या पुढाऱ्यांची मुजोरी खपवून घेणार नाही, शेवटच्या श्वासापर्यंत लढू." आंबेगाव हा शब्द तिने उच्चारलाही नव्हता. तिचं माहेर डोंगराच्या पलीकडे आंबेगावातच होतं, हे मला नंतर कळलं. मी विचारलं नव्हतं.

ती बातमी पाठवून होते न होते तोच आंबेगावातल्या मंचरहून माझ्या साडूचा फोन आला. आम्ही दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि धंदाही एकच. तो तिकडे दुसऱ्या पेपरचा वार्ताहर. त्याच आठवड्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला हिरवी पट्टी होती आणि डॉक्टरांनी मोबाइल बघायचा नाही म्हणून बजावलं होतं. तो म्हणाला, "साडूभाऊ, बातमी तुमचीच घेतो, पण आमच्याकडची करून द्या." आमच्याकडची म्हणजे काय, हे विचारावं लागलं नाही. त्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पुरवणी तोंडावर होती, आणि वार्ताहराचं घर बातम्यांवर चालत नाही, पुरवणीतल्या जाहिरातींवर चालतं. माझंही जुन्नरात तसंच होतं, फक्त पुढारी वेगळे.

मी त्याच खुर्चीवर बसून दुसरी बातमी लिहिली. मथळा, 'आदिवासी वाड्यांच्या विकासकामात शेजाऱ्यांचा खोडा'. योजना तीच, नळ तोच. तक्रारदार बाई आता 'संबंधित महिला' झाली. तिच्या तोंडी मी घातलं, "कागदावर काय आहे ते मला वाचून दाखवले नाही, गावातील काही जणांनी सही घेतली." आणि शेवटी जोडलं, असे तिने सांगितल्याचे समजते. 'समजते' ह्या शब्दाला आम्ही वार्ताहर फार जपतो. तो लिहिला की समजलं कुणाला आणि सांगितलं कुणी, हे कुणी विचारत नाही. साडूला फोनवर वाचून दाखवलं. तो खूष झाला. तुम्ही चुकून त्या तालुक्यात जन्मला, म्हणाला. खरं सांगायचं तर मीही खूष होतो. एका संध्याकाळी दोन तालुक्यांची दोन पानं एकट्याने लिहिली आणि हात एक आहे हे कुणाच्या ध्यानात येणार नाही, याचा मला आनंद झाला होता.

नारायणगावात स्टँडजवळच्या सलूनमध्ये दोन्हीकडचे पेपर येतात. दुसऱ्या दिवशी मी तिथे दाढीला बसलो होतो. बाकावरच्या एका टोमॅटोवाल्याने दोन्ही पानं मांडीवर उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आयला, हितं एसटीत बसला तवा हा चोर व्हता, मंचरला उतरला तर साधू. मधी कुठं आंघोळ केली म्हनायची यानं?" सलूनभर हसू झालं. साबण लावलेल्या तोंडाने मीही हसलो. पुढाऱ्यावर सगळे बोलत राहिले. त्या बाईवर फक्त एक जण बोलला, तोही म्हणाला की असल्या बाया दोन्हीकडून खातात.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वार्ताहरकी जोडीला. काही दिवसांनी ती बाई दुकानात आली. पिशवीतून तिने दोन्ही पेपर काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. ती शाळेत गेलेली होती, सावकाश का होईना वाचायची. पहिल्या पानामुळे तिचा भाऊ तिच्यावर रुसला होता. गावची माणसं त्याला विचारत होती, तुझी बहीण आम्हाला मुजोर म्हणती का. दुसऱ्या पानामुळे तिच्या वाडीतल्या बायका तिच्याशी तुटक वागत होत्या. अर्जावर ज्यांच्या सह्या तिने घरोघरी फिरून घेतल्या, त्यांना वाटत होतं की आता ही अंग काढून घेते आहे. ती हे सगळं भांडणासारखं सांगत नव्हती. मला ते सोडवता येईल अशा भरवशाने सांगत होती.

मग तिने दोन्हीकडे बोट ठेवून विचारलं, "भाऊ, हे मी कवा बोलले?"

आमच्या पानाबद्दल मी म्हणालो की बातमीत थोडं तसं घालावं लागतं, त्याशिवाय वर कुणी दखल घेत नाही. पलीकडच्या पानाबद्दल म्हणालो, ते मला माहीत नाही, तिकडचा वार्ताहर वेगळा आहे, तो कुणाशी तरी बोलला असेल.

तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्यासंगं तर तुमीच बोललात," ती म्हणाली.

मी झेरॉक्सच्या मशीनकडे वळलो. मशीन बंद होतं. तिने पेपर घडी घालून पिशवीत ठेवले आणि ती एसटी गाठायला गेली.

लिहिताना केलं ते सवयीने केलं, असं म्हणता येईल. पण दुकानात जे बोललो ते सवयीने नव्हतं. ते समोर माणूस उभं असताना, कळून सवरून बोललो. मला झोप लागत होती, दुकान चालू होतं, पुरवण्या निघत होत्या. फक्त प्रतिक्रिया लिहायला बसलो की हात अडायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला चौकशी लागली. जिल्ह्याहून साहेब जुन्नरला येऊन सुनावणी घेणार होते. पुतण्याच्या वकिलाने आपल्या उत्तराला मंचरच्या पानाचं कात्रण जोडलं. त्याचं म्हणणं साधं होतं. तक्रारदारच सांगते की सही फसवून घेतली, मग तक्रार उरतेच कुठे? ती निकाली काढावी आणि ठेकेदाराला मोकळं करावं. तसं झालं असतं तर योजना कागदावर कायमची पूर्ण झाली असती आणि त्या वाड्यांसाठी पुन्हा कुणी पाइप मागू शकलं नसतं. साहेबांनी जुन्नरच्या पानाचंही कात्रण मागवलं आणि बातमी देणाऱ्या दोन्ही वार्ताहरांना बोलावलं होतं.

साडूने मला फोनवर सांगितलं की तो म्हणणार, बाई माझ्याशी फोनवर बोलली. एका वाक्याने काय होतंय, तो म्हणाला, आणि आपण 'समजते' लिहिलंच आहे. त्याच दिवशी जुन्नरच्या पुढाऱ्यांचा एक कार्यकर्ता दुकानात आला. त्यालाही माझी साक्ष हवी होती, पण अर्धीच. "तेवढं पलीकडचं खोटं म्हनायचं, आपलं मात्र ऱ्हाऊ द्यायचं. शेवटच्या श्वासापर्यंत हे लई चाललंय भाऊ, बॅनरवर घेतलंय आमी." मी म्हणालो, तेही तिचं नाही. तो हसला आणि म्हणाला, एवढं बारीक कोण बघतंय.

आमच्या वस्तीतल्या विहारात माझे वडील संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं असे म्हातारे भोवती बसायचे. कुणी शंका काढली तर वडील पान त्याच्यापुढे धरायचे. छापून आलंय, म्हणायचे, आणि शंका मिटायची. त्या दिवसांत मला हे वारंवार आठवत होतं, आणि आठवलं की घरात बसवेना. मी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बहिणीचं मी बघीन. तुम्ही तुमचं बघा."

सुनावणीआधी मी मंचरला गेलो. साडूच्या पाठीमागे काही करायचं नाही, एवढं ठरवलं होतं. त्याला सांगितलं की दोन्ही बातम्या मी लिहिल्या असं मी सांगणार आहे. तो खवळला. माझ्या पोटावर पाय देताय, म्हणाला. मी म्हणालो, तुमच्याबद्दल मी एवढंच सांगेन की तुम्हाला डोळ्यांनी दिसत नव्हतं. "मंग मी काय सांगू? मी आंधळा व्हतो म्हनून?" तो म्हणाला. आतून मेहुणी बोलली, "होताच की त्या आठवड्यात." तिला हसू आलं असावं, पण त्याला आलं नाही. चहा न घेता मी निघालो, आणि कुणी थांबवलंही नाही.

तिथून वाडीवर गेलो. बाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. मी उभ्यानेच सांगितलं, की पलीकडची बातमीही माझीच, आणि दुकानात मी तुमच्याशी खोटं बोललो. ती हिरडा पसरत राहिली. एवढ्या दिवसांनी सांगायला आलो म्हणून चिडेल, रडेल, निदान का केलंत म्हणून विचारेल, असं मला वाटत होतं. तिने कोपऱ्यातला हिरडा हाताने सारखा केला आणि म्हणाली, "मंग तिथं जाऊन म्हना. हितं मला सांगून काय व्हनार?"

सुनावणीला खोली भरलेली होती. कार्यकर्ते मागे भिंतीला टेकून उभे होते. साडू आला नाही, त्याने डोळ्याचं कारण कळवलं. मला विचारल्यावर मी सांगितलं की दोन्ही बातम्या मी लिहिल्या, दोन्ही वाक्यं माझी आहेत, आणि ह्या बाई त्यातलं एकही बोललेल्या नाहीत. त्या काय बोलल्या, साहेबांनी विचारलं. पाइप इथेच थांबला आणि बिल पुण्यापर्यंत गेलं, एवढंच बोलल्या, असं मी सांगितलं. मग ते का छापलं नाही, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फार साधं वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. माझीही एक प्रतिक्रिया मागे तुमच्या पानावर आली होती, ते म्हणाले. तीही मीच लिहिली होती, मी म्हणालो. मागे हसू फुटलं, पण साहेब हसले नाहीत.

वकील उठले. "म्हणजे तुम्ही सवयीने खोटं लिहिता, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," मी म्हणालो. "म्हणून माझी दोन्ही पानं बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा. त्या इथेच बसल्या आहेत."

मागचे काही कार्यकर्ते उठून बाहेर गेले. बॅनर त्याच दिवशी उतरला असं नंतर ऐकलं. साहेबांनी दोन्ही कात्रणं कामकाजातून काढली आणि स्वतः वाडीवर येऊन पाहणी करायचं जाहीर केलं. तक्रार उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पेपर विकत घेतले. जुन्नरचा मथळा होता, 'सुनावणीत आंबेगावच्या ठेकेदाराची कोंडी'. त्यात माझा उल्लेख नव्हता. मंचरचा होता, 'तक्रारीमागचा बनाव उघड, वार्ताहराचीच कबुली'. त्यात माझाच उल्लेख होता, दुसरं काही नव्हतं. साहेब वाडीवर येऊन पाइप बघणार आहेत, हे दोघांनीही दिलं नव्हतं. दुपारी पेपरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. संपादकांचा फोन आला नाही. साडूकडचं जाणं-येणं तेव्हापासून थांबलं आहे. बायको बहिणीशी फोनवर बोलते, तेव्हा मी दुकानाकडे निघून जातो. पुरवण्यांचं उत्पन्न गेलं. झेरॉक्सवर भागतं आहे, आणि भागवायचं हे ठरवलं आहे.

पाहणीच्या दिवशी मी वाडीवर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. वहीही नेली नव्हती. साहेबांनी एकेक नळ खणायला लावला. कुठे हातभर पाइप, कुठे तेवढाही नाही. डोंगर चढून पलीकडच्या वाडीतही हीच गत निघाली. बाईचा भाऊ तिथे उभा होता. आधी तो लांब होता, मग दुसरा नळ खणताना त्यानेच पहार हातात घेतली. पुढाऱ्यांचं आणि पुतण्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही. चौकशी चालू आहे आणि अहवाल व्हायचा आहे.

शेवटी तिच्या अंगणात जबाब लिहायला बसले. साहेबांच्या कारकुनाने लिहून काढला आणि भरभर वाचून दाखवला, की नळयोजनेद्वारे पाणी अनियमित व अपुऱ्या प्रमाणात येत असल्याचे तक्रारदाराचे म्हणणे आहे. त्याने सहीसाठी कागद पुढे केला. तिने पेन घेतलं नाही.

"असं न्हाई म्हनले मी," ती म्हणाली. "कमी येतंय असं न्हाई. येतच न्हाई. एकदा बी आलं न्हाई. तसं लिवा."

अर्थ तोच होतो, कारकून म्हणाला. तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, ते खोडा आणि त्या बोलल्या तसंच लिहा. त्याने ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. तिने ती पुन्हा वाचायला लावली, या वेळी सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. मग तिने सही केली आणि पेन परत देता देता मान वळवून मला विचारलं, "तुमी बी ऐकलं ना, भाऊ?"

ऐकलं, मी म्हणालो.